वर्गणीदारांची यादी आणि दीडशे ओळींचा वाचक

३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईतून ‘मूकनायक’ या पाक्षिकाचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, विचार आणि धडपड बाबासाहेबांची होती, आणि राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. म्हणजे लेखणी होती, छपाईपुरता पैसा होता, आणि सांगण्यासारखे तर पिढ्यान्‌पिढ्यांचे साठलेले होते. अडचण आली ती निराळ्याच ठिकाणी. असे एक पत्र निघत आहे, एवढी जाहिरात ‘केसरी’कडे पाठवली, तिचे रीतसर पैसे देऊ केले, तरी ‘केसरी’ने ती छापण्यास नकार दिला. ही हकीकत बाबासाहेबांनी पुढे स्वतःच नोंदवून ठेवली आहे.

आपल्या सभासंमेलनांतून हा प्रसंग जातिद्वेषाचा दाखला म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेच. मी व्यवसायाने सॉफ्टवेअर अभियंता असल्यामुळे मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मजकूर तयार होणे ही एक बाब. तो वाचकाच्या दारापर्यंत पोहोचणे ही दुसरी. पहिली आपल्या हाती आली तरी दुसरी परक्याच्याच हाती राहू शकते. बातमी दारापर्यंत आणणारा हा जो मार्ग आहे, त्याचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही.

‘मूकनायक’ने, आणि ३ एप्रिल १९२७ पासून ‘बहिष्कृत भारत’ने, यावर शोधलेला उपाय साधा होता : वर्गणीदारांची यादी. नाव, गाव, टपालाचा पत्ता. अंक निघाला की यादीतील प्रत्येकाकडे तो जाणार, आणि त्यासाठी मध्ये कोणाची मर्जी सांभाळावी लागणार नाही. ‘बहिष्कृत भारत’चे कित्येक अंक बाबासाहेबांनी जवळपास एकहाती लिहून काढले. महाराष्ट्र शासनाने १९९० साली या दोन्ही पत्रांचे अंक ग्रंथरूपाने पुन्हा प्रसिद्ध केले, त्यामुळे ते आज आपल्याला वाचता येतात. ते चाळताना अग्रलेखांइतकीच माझी नजर ‘आजकालचे प्रश्न’ आणि ‘वर्तमान सार’ या सदरांवर रेंगाळते. कुठे काय घडले याची थोडक्यात नोंद, तिच्यावर दोन शब्द, आणि लगेच पुढची नोंद. आजच्या भाषेत ज्याला फीड म्हणतात, त्याचेच हे रूप म्हणता येईल. वर्गणी पुरेशी जमली नाही, कर्ज वाढले, आणि १९२९ च्या नोव्हेंबरात ‘बहिष्कृत भारत’ थांबले. ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून त्याचे ‘प्रबुद्ध भारत’ झाले.

यादीतील एका नावामागे वाचक एकच नसे. माझे आजोबा नागपूरच्या इंदोऱ्यात राहत आणि गिरणीत काम करीत. सातवीपर्यंत शिकलेले असल्यामुळे वस्तीत ते ‘वाचणारे’ होते. ‘प्रबुद्ध भारत’ आले की संध्याकाळी ओट्यावर दहापंधरा जण जमत आणि आजोबा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवीत. मधले काही गाळले तर ऐकणारे हटकत, असे आजी सांगत असे. काय आधी वाचायचे हे वाचणाऱ्याने ठरवायचे नाही. अंकात जसे आले आहे तसेच वाचायचे.

मोठ्या बातम्यांचा प्रवाह मात्र वेगळ्याच पाटातून वाहत होता. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या आपल्या ग्रंथात बाबासाहेबांनी परदेशी वाचकांना उद्देशून वृत्तसंस्थांविषयी लिहिले आहे. देशभर बातम्या वाटणाऱ्या मुख्य वृत्तसंस्थेतील माणसे एकाच उच्च जातीतून आलेली आहेत आणि काँग्रेसला अडचणीची ठरणारी बातमी ते पुढे जाऊ देत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. संपादक बदलला तरी तारेवरून येणारी बातमी तीच राहते, हे त्यांनी नेमके हेरले होते.

आता आयसेलिनकडे येतो. ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानांच्या दाराशी भारतीयांसाठी निघणाऱ्या फुकट साप्ताहिकांचे गठ्ठे पडलेले असतात. मेट्रोपार्क स्थानकावर सकाळी गाडीची वाट पाहणारा आपला प्रत्येक माणूस हातातला फोन वर सरकवत उभा असतो. बातम्यांचा तुटवडा इथे नाही. तरीही २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराच्या परिषदेने जातीवर आधारित भेदभावाला बंदी घालणारा ठराव संमत केला, तेव्हा आमच्या गटातील एका ज्येष्ठ काकांना ते चार दिवसांनी जावयाच्या फोनवरून कळले. असा ठराव करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होते. काका ज्या समाजमाध्यमावर रोज दीड तास घालवतात, तिथे त्यांनी आपल्या चळवळीची डझनभर पाने जोडून ठेवली होती. त्यांतील किमान पाच पानांनी ती बातमी त्याच दिवशी दिली होती. काकांच्या पडद्यावर मात्र लग्नाचे फोटो, क्रिकेट आणि गुडघेदुखीवरचा काढा आला.

रविवारच्या वंदनेनंतर चहा पिताना ते म्हणाले, “अरे बाळ, मी वर्गणी भरली, पण अंक टपालवाल्यानेच ठेवून घेतला, असं झालं ना हे?”

मला त्यांना लगेच उत्तर देता आले नाही. ते देण्यासाठी १९९९ सालापर्यंत मागे जावे लागले.

त्या वर्षीच्या मार्च महिन्यात नेटस्केप कंपनीने आपल्या ‘माय नेटस्केप’ या पानासाठी एक छोटा मसुदा जाहीर केला. त्याचे कर्ते दोघे : आयआयटी मद्रासचे पदवीधर रामनाथन गुहा आणि त्यांचे सहकारी डॅन लिब्बी. कल्पना अशी, की प्रत्येक संकेतस्थळाने आपल्या ताज्या मजकुराची एक यादी ठरावीक साच्यात एका फाइलीत लिहून ठेवावी : शीर्षक, दुवा, थोडक्यात सार. वाचकाने हव्या त्या फाइलींचे पत्ते आपल्याकडे नोंदवावेत आणि त्याच्या यंत्राने अधूनमधून जाऊन नवे काय आले ते पाहून यावे. या साच्याचे नाव आरएसएस. नागपूरच्या ज्या संघटनेची याच तीन अक्षरांनी ओळख आहे, तिच्याशी याचा काहीही संबंध नाही. तरीही आमच्या बैठकीत हे नाव उच्चारल्यावर दोन मिनिटे शांतता पसरली होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

बाबासाहेबांच्या वर्गणीदारांच्या यादीशी तुलना केली तर इथे एक महत्त्वाचा फरक आहे. तिथे यादी संपादकाकडे होती. इथे ती वाचकाकडे आली. संकेतस्थळाला आपला वाचक कोण हे ठाऊकही नसते. मधला टपालवाला जवळपास नाहीसा झाला.

पुढची काही वर्षे या साच्यावरून भांडणे झाली. नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली आणि तिचा यातील रस संपला. डेव्ह वायनर यांनी साचा सोपा ठेवण्याचा आग्रह धरला. दुसऱ्या गटाने डिसेंबर २००० मध्ये अधिक शास्त्रशुद्ध अशी १.० आवृत्ती काढली. तिच्या कर्त्यांमध्ये ॲरन स्वार्ट्झ हा अवघ्या चौदा वर्षांचा मुलगा होता. शोधनिबंध सर्वांना खुले असावेत या आग्रहापायी पुढे ज्याच्यावर खटला भरला गेला आणि ज्याने २०१३ साली स्वतःचे जीवन संपवले, तोच हा स्वार्ट्झ. वायनर यांची २.० आवृत्ती सप्टेंबर २००२ मध्ये आली, आणि डिसेंबर २००५ मध्ये ‘ॲटम’ नावाचा निराळा साचा प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. त्याआधीच, २००४ साली, मार्क पिल्ग्रिम या प्रोग्रामरने आरएसएसच्या एकमेकींशी न जुळणाऱ्या नऊ आवृत्त्या मोजून दाखवल्या होत्या. एकाच चळवळीचे नऊ गट पाहण्याची आपल्याला सवय असल्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही.

मात्र हे गट भांडत असतानाच फीड सर्वत्र पसरली. ब्लॉगस्पॉट किंवा वर्डप्रेसवर कोणीही पान उघडले की त्याची फीड आपोआप तयार होई. याचे मोल आपल्या समाजाला २००६ साली कळले. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांतून आणि वाहिन्यांवरून त्या घटनेचे खरे स्वरूप पुढे यायला महिना लोटला. सुरुवातीच्या बातम्यांमध्ये तर मृतांच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवलेले होते. मधल्या काळात सत्यशोधन करणाऱ्यांचे अहवाल, छायाचित्रे आणि निवेदने फिरली ती पत्रकांतून, ई-मेलमधून आणि ब्लॉगमधून. मी तेव्हा शाळेत होतो. शेजारच्या दादाने सायबर कॅफेतून छापून आणलेली पाने घरी मोठ्याने वाचली गेली, ती वाचली आजोबांनीच.

त्याच महिन्यात, ५ सप्टेंबर २००६ रोजी, फेसबुकने ‘न्यूज फीड’ नावाची सोय सुरू केली. शब्द तोच, अर्थ उलटा. आरएसएसची फीड म्हणजे वाचकाने निवडलेल्या ठिकाणांची यादी. इथली फीड म्हणजे कंपनीने वाचकासाठी लावलेला क्रम. कोणती नोंद वर, कोणती खाली, कोणती दाखवायचीच नाही, हे गणित ठरवते, आणि वाचक किती वेळ खिळून राहील हे त्या गणिताचे माप असते. गणिताला जात नसते असे आपले काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याचे आधीच लाखो वाचक आहेत त्याला वर ठेवणारे गणित, ज्यांना कधी वाचक मिळू दिले गेले नाहीत त्यांना खालीच ठेवणार. त्यासाठी ते लिहिणाऱ्याच्या मनात द्वेष असण्याची गरज नाही.

ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झालेला ‘गूगल रीडर’ हा फीड वाचण्याचा सर्वांत लोकप्रिय मार्ग होता. वापर घटला आहे असे कारण देऊन तो १ जुलै २०१३ रोजी बंद करण्यात आला. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरनेही आपल्यातील फीड वाचण्याची सोय काढून टाकली. अनेकांचा समज झाला की फीडच संपल्या. त्या संपलेल्या नाहीत. वर्डप्रेसवरील प्रत्येक संकेतस्थळ आजही मुकाट्याने फीड तयार करते, यूट्यूबच्या प्रत्येक वाहिनीला फीडचा पत्ता आहे. ३१ जानेवारी हा दिवस ध्यानात ठेवून मीना कोटवाल यांनी २०२१ साली सुरू केलेल्या ‘द मूकनायक’सारख्या नव्या पत्रांनाही वाचकापर्यंत जाण्याचा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीसारखाच आहे. अंक निघतात, ते मागवणारा वाचक तेवढा विसरला आहे.

तेव्हा काकांसाठी फीड वाचणारे एक छोटे वेब ॲप लिहायचे ठरवले, आणि तेही कोणतीही लायब्ररी न वापरता. हे ऐकताच काका दुखावले. “बाबासाहेबांचा अनुयायी म्हणवतोस आणि लायब्ररीशिवाय?” कोलंबिया विद्यापीठाच्या लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे, तिथे आम्ही दोघे मागच्याच वर्षी जाऊन आलो होतो. प्रोग्रामरांच्या बोलीत लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला आयता कोड, हे समजावून सांगावे लागले. तो वापरण्यात गैर काही नाही, कार्यालयात मी रोज वापरतो. पण त्यात आपण कोणावर अवलंबून आहोत हे दिसेनासे होते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने रागाच्या भरात आपला जेमतेम अकरा ओळींचा कोड सार्वजनिक साठ्यातून काढून घेतला आणि जगभरातील हजारो प्रकल्प काही तास अडखळले. त्या अकरा ओळींचे काम एवढेच, की शब्दाच्या डावीकडे मोकळी जागा भरणे. ज्याचे सगळे प्रयोजनच मधला माणूस टाळणे हे आहे, त्या यंत्रात मला असे अनोळखी शेकडो मधले नको होते.

ब्राउझरमध्येच लागणारे बहुतेक सारे आता असते. ‘फेच’ ही आज्ञा दूरची फाइल आणते, ‘डॉमपार्सर’ तिचे एक्सएमएल उलगडून देतो, मग प्रत्येक ‘आयटम’मधून शीर्षक, दुवा आणि तारीख उचलायची. ॲटम असेल तर ‘आयटम’च्या जागी ‘एंट्री’. सगळ्या नोंदी एकत्र करून तारखेप्रमाणे लावायच्या, नवी वर. पानाच्या पाठीमागून फाइल आणण्याची युक्ती मायक्रोसॉफ्टने आपल्या इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत दिली, तीही मार्च १९९९ मध्येच. वाचकाच्या हाती साचा आणि हात दोन्ही एकाच महिन्यात आले होते म्हणायचे.

पहिला अडथळा मात्र लगेच येतो. एका पत्त्यावरून आलेले पान दुसऱ्या पत्त्यावरचा मजकूर त्याच्या स्पष्ट परवानगीशिवाय वाचू शकत नाही, असा ब्राउझरचा नियम आहे. तो योग्यच आहे. नाहीतर कोणतेही पान आपल्या बँकेचे पान वाचू शकले असते. पण फीड देणारी बहुतेक संकेतस्थळे ही परवानगी लिहायला विसरतात. म्हणून एक छोटा मध्यस्थ सर्व्हर लिहावा लागला, जो फाइल आणून जशीच्या तशी पुढे देतो. शेवटी मध्यस्थ आलाच. त्याच्यावर दोन बंधने घातली : यादीत नसलेल्या पत्त्यावर जायचे नाही, आणि मजकुरात काही बदलायचे नाही. ओट्यावरच्या वाचणाऱ्याला होती तीच बंधने.

यानंतर मराठीने आपले पाणी दाखवले. २००० च्या सुमारास मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे आपापल्या खास फॉन्टवर चालत. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. अशा मजकुराची फीड बनवून उपयोगच नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण मराठी संकेतस्थळे तिकडे वळायला बराच काळ गेला. आज सगळे युनिकोड आहे, तरी माझ्या ॲपमध्ये ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द शोधला तर निम्म्याच बातम्या सापडत होत्या. कारण तो अर्धा ‘ऱ’. कोणी तो एकाच चिन्हाने लिहितो, कोणी साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन, तर कोणी ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही एकच, यंत्राला तीन वेगळे शब्द. पहिले दोन एकरूप करणारी ‘नॉर्मलाइझ’ ही आज्ञा जावास्क्रिप्टमध्येच आहे. तिसऱ्यासाठी स्वतंत्र ओळ लिहावी लागली. इंग्रजीसाठी लिहिलेल्या किती आयत्या लायब्रऱ्यांना हे सुचले असते, याची मला शंका आहे.

तारखांचीही एक गंमत. आरएसएसमधील तारीख ज्या नियमाने लिहितात तो ई-मेलसाठी १९८२ साली ठरला. त्यात अमेरिकेच्या चार कालविभागांना त्यांच्या नावाची अक्षरे दिलेली आहेत. ‘आयएसटी’ ही आपली अक्षरे त्या यादीत नाहीत, तिथे अधिक ०५३० असा आकडा लिहावा लागतो. एका मराठी संकेतस्थळाने तरीही अभिमानाने ‘आयएसटी’ लिहिले होते आणि त्याच्या सर्व बातम्या माझ्या यादीतून नाहीशा झाल्या. आठवडाभर मला वाटत होते की त्यांनी लिहिणेच थांबवले. ज्या चुकीवर उपाय म्हणून हे यंत्र लिहायला घेतले, तीच चूक मी स्वतः करून बसलो होतो. आता तारीख कळली नाही तर नोंद टाकून न देता ती वेगळ्या रकान्यात सर्वांत वर दाखवतो.

सुरक्षेचे एक पथ्य सांगितले पाहिजे, कारण हे वाचून कोणी तरुण मुलगी किंवा मुलगा असेच ॲप लिहील अशी मला आशा आहे. बाहेरून आलेले शीर्षक पानावर केवळ मजकूर म्हणून ठेवावे, पानाचा कोड म्हणून नव्हे. नाहीतर फीडमध्ये कोणी दडवलेली आज्ञा आपल्या पानात चालू शकते. आणि दर पाच मिनिटांनी संपूर्ण फाइल मागू नये. मागच्या वेळची खूण सोबत पाठवली की सर्व्हर ‘३०४’ हा आकडा उत्तरादाखल देतो, म्हणजे नवे काही नाही. आपली बरीच पत्रे तुटपुंज्या वर्गणीवर चालतात. त्यांचा सर्व्हरचा खर्च वाढवणे बरे नाही.

सगळे मिळून दीडशेच्या आसपास ओळी झाल्या. काकांच्या यादीत आता सदतीस पत्ते आहेत. ही यादी एका साध्या फाइलीत उतरवून दुसऱ्याला देता येते, दुसऱ्या कोणत्याही वाचक-ॲपमध्ये ती चालते. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात काकांनी ती आणखी सहा जणांना दिली. त्यांपैकी एका आजींनी यादीतील चार पत्ते काढून टाकले आणि विपश्यनेची तीन घातली, यावरून दोघांत थोडी बाचाबाचीही झाली.

काकांची तक्रार अजून एकच होती. नव्यात नवी बातमी वर, हा नियम त्यांना मान्य नव्हता. आपली पत्रे आधी, बाकीची नंतर, असा क्रम त्यांना हवा होता. मी म्हटले, क्रम लावायचा म्हणजे पुन्हा तेच झाले. ते म्हणाले, “तेच कसं? तिथं तो लावतो, इथं मी लावीन.” पत्ते वर-खाली सरकवण्याचे बटण मी त्यानंतर घातले. त्याला अकरा ओळी लागल्या.